सीमावादातील ‘घटक’ : महाजन अहवालाची भाषिक चिकित्सा

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यामधील सीमाप्रश्नावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बराचसा भाग एक तर आवेशाचा आहे किंवा आकडेवारीचा. ज्या दस्तऐवजांच्या आधारे हा वाद साठ वर्षांहून अधिक काळ लढला गेला, त्यांची भाषा कशी आहे, त्यांतील कोणता शब्द निर्णय करतो आणि कोणता केवळ शोभेसाठी आलेला असतो, याची चिकित्सा मात्र क्वचितच झालेली दिसते. करारनामा, आयोगाचा अहवाल, विधिमंडळाचा ठराव हेही लेखनाचे प्रकारच होत. त्यांना त्यांची स्वतःची शैली असते, त्यांचे ठराविक अलंकार असतात, आणि त्यांत जाणूनबुजून ठेवलेल्या रिकाम्या जागाही असतात. न्या. मेहरचंद महाजन यांच्या १९६७ च्या अहवालाचे वाचन या दृष्टीने केल्यास असे दिसते की, अहवालाचा खरा दोष त्यातील निष्कर्षांत जितका आहे, त्याहून अधिक तो ‘घटक’ या एका शब्दाच्या अनिश्चिततेत आहे. आणि त्या अनिश्चिततेची जबाबदारी एकट्या आयोगावर टाकता येत नाही.

या शब्दाचा मराठी राजकारणातील एक महत्त्वाचा लिखित उगम नागपुरात आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील प्रभृती नेत्यांच्या स्वाक्षऱ्या आहेत. करारात अकरा कलमे असून महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तीन विभागांनी एका राज्यात कसे नांदावे, याची व्यवस्था त्यांत लावली आहे. उच्च न्यायालयाचे एक पीठ नागपुरास असावे, विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दरवर्षी येथे भरावे, शासनाने ठराविक मुदतीसाठी आपला मुक्काम नागपुरास हलवावा, इत्यादी गोष्टी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. (‘ठराविक’ म्हणजे किती, हे करारात नाही. ज्या विशेषणाने निश्चिततेचा भास निर्माण करावा, त्यानेच मोजमाप टाळावे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.) या कलमांच्या गर्दीत आणखी एक गोष्ट सांगितली आहे: नव्या राज्याच्या सीमा ठरविताना खेडे हा घटक मानावा.

हे वाक्य लहान आहे, त्यात संदिग्धता नाही, आणि तत्त्व म्हणून ते न्याय्यही आहे. त्यातील उणीव वाक्यरचनेत नसून स्वाक्षऱ्यांत आहे. सीमा ही दोन पक्षांमधील गोष्ट. येथे मात्र सीमेचे तत्त्व एकाच बाजूच्या तीन विभागांनी आपापसांत ठरविले. ज्या कन्नड भाषिकांशी उद्या वाटणी करावयाची, त्यांच्यापैकी कोणीही त्या बैठकीत नव्हते. घरातल्या घरात झालेला हा ठराव पुढे महाराष्ट्राच्या युक्तिवादांत जणू सर्वमान्य तत्त्व म्हणून वावरू लागला. समोरच्या पक्षाला तो कधीच बंधनकारक वाटला नाही, यात नवल नाही.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर १९५३ मध्ये, फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. त्याने १९५५ च्या अहवालात सामान्यतः जिल्हा हा घटक मानला आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा कन्नड राज्याकडे द्यावा, असे सुचविले. (याच आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचविले होते, हे येथील वाचकाला सांगावयास नको.) जिल्हा घटक मानला की बेळगावचा निकाल चर्चेपूर्वीच लागतो. १८८१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात कन्नड भाषिक सुमारे ६४ टक्के आणि मराठी भाषिक सुमारे २६ टक्के होते. उलट बेळगाव शहर घटक मानले तर मराठी भाषिकांचे संख्याधिक्य निर्विवाद. एकाच भूमीवर, एकाच लोकसंख्येवर, घटक बदलताच बहुसंख्य हे अल्पसंख्य होतात. यास्तव ‘बेळगावात कोण बहुसंख्य?’ हा प्रश्न घटक सांगितल्यावाचून निरर्थक ठरतो, आणि तरीही दोन्ही बाजूंनी तो अनेक वर्षे तसाच विचारला गेला.

खेड्याचा घटक अव्यवहार्य होता, असे म्हणता येत नाही. आंध्र आणि मद्रास यांच्या वादात ह. वि. पाटसकर यांनी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि सापेक्ष भाषिक बहुमत या कसोट्या लावल्या, व त्यांच्या शिफारशींनुसार १ एप्रिल १९६० पासून सीमा प्रत्यक्षात बदलली. महाराष्ट्राने ८१४ गावांवर सांगितलेला दावा याच सूत्रावर आधारलेला होता. परंतु पाटसकरांचे सूत्र तेथे चालले, कारण दोन्ही राज्यांनी ते अगोदर मान्य केले होते. सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला तेव्हा त्याच्या कार्यकक्षेत मात्र कोणतेही तत्त्व नव्हते. वाद ऐकावा आणि शिफारशी कराव्यात, एवढेच. महाराष्ट्राने आयोगाची मागणी केली, आयोग मिळविला, पण जो शब्द १९५३ मध्ये नागपुरात लिहून ठेवला होता तो कार्यकक्षेत घालून घेतला नाही. ही चूक नंतरच्या कोणत्याही निषेधाने भरून निघण्यासारखी नव्हती.

न्या. महाजन सीमा आखण्याच्या कामास नवखे नव्हते. १९४७ च्या पंजाब सीमा आयोगाच्या चार न्यायमूर्ती सदस्यांपैकी ते एक होते. त्या आयोगाला सलग प्रदेशांतील धार्मिक बहुमत पाहण्यास सांगितले होते, पण त्याबरोबरच ‘इतर बाबी’ही विचारात घेण्याची मुभा होती. या दोन शब्दांच्या पोटात कालवे, रेल्वे, बाजारपेठा, किंबहुना काहीही मावू शकत होते. १९६६ मध्ये न्या. महाजन यांच्यासमोर मूळ कसोटीच नव्हती. म्हणजे सारा प्रश्नच ‘इतर बाबीं’चा झाला होता.

अहवाल वाचताना याचा परिणाम पानोपानी जाणवतो. बेळगाव शहर कर्नाटकाकडेच (तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे) राहावे, या निर्णयाला दिलेली कारणे पाहावीत. शहर तीन बाजूंनी कन्नड प्रदेशाने वेढलेले आहे आणि चौथ्या बाजूला खानापूर तालुक्यातील मराठी गावे आहेत, शहरातील बहुतांश जमिनींचे मालक कन्नड आहेत, मामलेदार व कलेक्टर कचेरीतील मूळ दप्तर कन्नडमध्ये आहे, इत्यादी. यांतील प्रत्येक कारणाचा घटक निराळा आहे. पहिल्यात घटक आहे भोवतालचा प्रदेश, दुसऱ्यात जमीनमालक, आणि तिसऱ्यात सरकारी कचेरी. शहरात राहणारा व बोलणारा माणूस या तिन्हींत कोठेच नाही. जमिनीचा सात-बारा ही मालकीची नोंद आहे, बोलीची नव्हे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या गिरणीकामगाराची भाषा त्यात उमटत नाही. दप्तराच्या भाषेविषयी तर अधिकच सावध राहावयास हवे होते. पेशवाईच्या काळी या भागातील सरकारी दप्तर मराठीत चाले. इंग्रजी अंमलात एकोणिसाव्या शतकात कन्नडला कचेरीत व शाळेत स्थान मिळाले. ते योग्यच होते, कारण जिल्ह्यातील बहुसंख्य रयत कन्नड होती. पण दप्तराची भाषा राज्यकर्त्याच्या हुकमाने बदलते, एवढे यावरून सिद्ध होते. ती लोकांच्या भाषेचा पुरावा ठरत असेल, तर पेशवाईतील दप्तर दाखवून महाराष्ट्रालाही धारवाडवर हक्क सांगता आला असता. आणि तो हास्यास्पद ठरला असता.

याच्या उलट, निपाणी, नंदगड, खानापूर यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, अशी शिफारस करताना अहवाल गावांची यादीच करतो. खेडे हा घटक सर्वत्र लागू होणारे तत्त्व म्हणून स्वीकारावयाचा नाही, पण शिफारस मात्र गावागावाने करावयाची, ही विसंगती आहे. बॅ. अ. र. अंतुले यांनी अहवालाची जी कठोर उलटतपासणी केली तीत अशा विसंगतींवर नेमके बोट ठेवलेले आहे. मात्र अंतुले यांची पद्धती वकिलाची असल्यामुळे, समोरच्या बाजूच्या कारणांत काही तथ्य असू शकते हे मान्य करण्याची सवड तीत नाही. शहर हे आपल्या भोवतालच्या प्रदेशावर जगते, त्याची बाजारपेठ व दवाखाने भोवतालच्या तालुक्यांसाठी असतात. म्हणून शहरातील डोकी मोजून त्याला प्रदेशापासून तोडता येत नाही, हे म्हणणे मुळीच पोकळ नाही.

आणि हे म्हणणे सर्वांत समर्थपणे कोणी मांडले होते? १९५५-५६ मध्ये, मुंबईच्या बाबतीत, मराठी माणसांनीच. मुंबई शहरात तेव्हा मराठी भाषिक निम्म्याहून कमी होते. ते शहर कोणा एका भाषेचे नव्हे, असे विरोधक म्हणत. त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर असे होते की, शहराचा विचार सुटा करता येत नाही. मुंबईचे पाणी, वीज आणि श्रमिक ज्या भूमीतून येतात ती भूमी मराठी आहे, म्हणून मुंबई महाराष्ट्राची. हा युक्तिवाद बिनतोड होता व तो शेवटी मान्य झाला. परंतु मुंबईसाठी भोवतालचा प्रदेश हा घटक आणि बेळगावसाठी शहर हा घटक, या दोन भूमिकांत जो ताण आहे त्याची दखल मराठी लेखनात फारशी घेतलेली आढळत नाही. कर्नाटकाच्या वकिलांच्या तो अर्थातच नजरेतून सुटण्यासारखा नव्हता.

कारवारच्या बाबतीत घटकाचा प्रश्न अधिक सूक्ष्म रूप घेतो, कारण तेथे ‘गाव कोणते’ याबरोबरच ‘भाषा कोणती’ हेही ठरलेले नव्हते. महाराष्ट्राचा कारवारवरील दावा कोकणी ही मराठीची बोली आहे, या गृहीतकावर उभा होता. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कोकणीला मराठीत घातले होते, हा त्याचा आधार. भाषाशास्त्रात बोली आणि भाषा यांची विभागणी अभ्यासाच्या सोयीसाठी केलेली असते. ती सीमेच्या खांबासारखी जमिनीत रोवता येत नाही. पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादमीने आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीने कोकणीला स्वतंत्र स्थान दिल्यानंतर हे गृहीतक राजकीय दृष्ट्याही उरले नाही. तरीही दाव्यातील गावांच्या यादीत कारवार कायम राहिले.

हा सारा पेच केवळ आपल्याकडचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. आयर्लंडच्या सरहद्दीचा इतिहास याच शब्दाभोवती फिरतो. १९२० च्या कायद्याने अल्स्टर प्रांताच्या नऊ परगण्यांपैकी सहा वेगळे काढले. घटक परगणा, पण कोणते सहा, याची निवड प्रॉटेस्टंट बहुमत टिकेल अशा बेताने झाली. ६ डिसेंबर १९२१ च्या तहातील बाराव्या कलमाने सीमा आयोगाची तरतूद केली. रहिवाशांच्या इच्छेनुसार, परंतु आर्थिक व भौगोलिक परिस्थितीशी जुळेल तितपत, सीमा ठरवावी असा त्या कलमाचा आशय होता. ही इच्छा किती मोठ्या प्रदेशातील रहिवाशांची आणि ती कशी जाणावयाची, याविषयी कलम मौन धरते. परिणामी अध्यक्ष न्या. फीदम यांनी अर्थ लावला तो कायदा झाला. इच्छा जाणण्यासाठी मतदान झाले नाही. १९११ च्या जनगणनेतील धर्माचा रकाना हीच इच्छा मानली गेली. नोव्हेंबर १९२५ मध्ये संभाव्य बदलांची बातमी एका इंग्रजी वृत्तपत्रात फुटली, आणि ३ डिसेंबर रोजी तिन्ही सरकारांनी जुनीच सीमा कायम केली. अहवाल मात्र प्रसिद्ध झाला तो थेट १९६९ मध्ये. तेथे धर्माच्या रकान्याला जे काम दिले गेले, तेच काम येथे मातृभाषेच्या रकान्याला दिले गेले आहे.

१९९८ च्या बेलफास्ट करारात आयरिश मुत्सद्द्यांनी एक वेगळी युक्ती केली. सीमारेषा त्यांनी हलविली नाही, घटक बदलला. उत्तर आयर्लंडमधील प्रत्येक व्यक्तीला स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणविण्याचा अधिकार मिळाला. येथे घटक झाली व्यक्ती, आणि ‘किंवा दोन्ही’ या शब्दांनी अनेक वर्षांच्या रक्तपाताला ओहोटी लावली. (करारालाही दोन नावे आहेत, एका बाजूचे लोक त्याला गुड फ्रायडे करार म्हणतात, दुसऱ्या बाजूचे बेलफास्ट करार. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत कागदांत ‘बेळगावी’ झालेल्या शहराला मराठी माणूस बेळगावच म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.)

ही युक्ती जून २०१६ च्या सार्वमतानंतर अपुरी पडली. ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडमधील जवळजवळ ५६ टक्के मते मात्र संघात राहण्याच्या बाजूची होती. येथेही घटकाचाच प्रश्न: कौल कोणाचा मोजावयाचा, राज्याचा की प्रांताचा? सुमारे ५०० किलोमीटरच्या सरहद्दीवर तपासणीनाके पुन्हा उभे राहू नयेत, यावर सर्वांचे एकमत होते. पण माणसाला जसे ‘दोन्ही’ होता येते तसे मालाला होता येत नाही. उत्तरेकडील गोठ्यांतील दूध दक्षिणेकडील कारखान्यांत जाते. ते कोणत्या तरी एकाच नियमाखाली असावे लागते. डिसेंबर २०१७ च्या संयुक्त अहवालाचे परिच्छेद ४९ व ५० या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. पहिल्यात, दुसरा तोडगा न निघाल्यास उत्तर-दक्षिण सहकार्याला आवश्यक अशा युरोपीय नियमांशी पूर्ण जुळणी राखण्याचे अभिवचन आहे. दुसऱ्यात, उत्तर आयर्लंड आणि उर्वरित ब्रिटन यांच्यात नवे अडसर येणार नाहीत असे आश्वासन आहे, आणि ते युनियनवादी पक्षाच्या आक्षेपानंतर चार दिवसांत घातले गेले. एकाच पानावर दोन परिच्छेद एकमेकांना छेद देत उभे आहेत आणि दोघांखाली सही एकच आहे. या सहीची किंमत नंतर चुकवावी लागली: जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्यातून निघालेला करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. ऑक्टोबर २०१९ च्या तडजोडीने उत्तर आयर्लंड नावाने ब्रिटनच्या जकात-प्रदेशात आणि मालाच्या नियमांनी बव्हंशी युरोपीय व्यवस्थेत राहिले. अडसर समुद्रात गेला. २०२३ च्या विंडसर आराखड्याने तो शिथिल केला, पण नाहीसा केला नाही. या वाटाघाटींत आयर्लंडची बाजू मांडणारे पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. सिंधुदुर्गाची सीमा बेळगावला भिडते, हा योगायोग नोंदवून पुढे जावे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘किंवा दोन्ही’ हे शब्द आपल्या सीमाभागाला अधिकच लागू पडतात. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे गंपर्झ आणि विल्सन यांनी केलेल्या व १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, गावातील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द निरनिराळे राहिले, पण वाक्यरचना इतकी एकरूप झाली की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत उतरविता यावे. शतकानुशतके बाजारात व शेतात दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसांनी हे घडविले. जनगणनेत मातृभाषेचा रकाना एकच असतो व त्यात एकच नाव बसते. १९६१ च्या जनगणनेत इतर अवगत भाषाही विचारल्या गेल्या होत्या. सीमावादात झळकला तो मात्र पहिला रकाना. निपाणीच्या बाजारात सकाळपासून दोन्ही भाषांत तंबाखूचा व्यवहार करणारा माणूस वादातील कोणत्याच यादीत आलेला नाही.

भाषा म्हणजेच इच्छा, हे समीकरणही तितकेसे खरे नाही. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील सुमारे चाळीस गावांनी २०१२ मध्ये कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, ते पाणी मिळत नाही म्हणून. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्या ठरावांचा आधार घेऊन दावा सांगितला, तेव्हा महाराष्ट्र शासनाचे उत्तर म्हैसाळ योजनेच्या विस्ताराचे होते. त्याच वर्षाच्या २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळाने नागपूर येथील अधिवेशनात ८६५ गावांवर दावा सांगणारा ठराव एकमताने केला. कर्नाटकाने आपला ठराव त्याआधी पाचच दिवस बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात केला होता. एक विधिमंडळ करारामुळे नागपुरास येते, दुसरे दाव्यामुळे बेळगावास जाते. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल तोवर लागलेला नव्हता.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांत असे एक आहे की, ज्या तालुक्यात वा नगरपालिकेत अल्पसंख्य भाषा बोलणारे पंधरा टक्के किंवा अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. यात घटकाचे नाव आहे, प्रमाणही आहे, आणि सीमेचा खांब हलवावा लागत नाही. खानापूर तालुक्यातील मराठी शेतकऱ्याला उतारा मराठीत हवा असतो. अक्कलकोट व जत येथील कन्नड शेतकऱ्याला तो कन्नडमध्ये. पहिल्याची मागणी महाराष्ट्राच्या विधिमंडळात वारंवार ऐकू येते. दुसऱ्याचा उतारा कोणत्या भाषेत निघतो, याची चौकशी मराठी सीमालेखनात झालेली नाही.